मऊ स्प्रिंगा

जुन्या गाड्यांच्या बाजारात मिस्त्रीचा जीव एका ऐसपैस, चकचकीत गाडीवर जडला होता. बायकोने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती गेली कोपऱ्यातल्या एका ठेंगण्या, दाराला पोचा पडलेल्या एसयूव्हीपाशी. वाकून गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते पाहिलं आणि कमरेला हात लावत उठली.

"हीच. हलकी आहे. दगडधोंड्यांतून पळेल."

"अगं, तिचा अवतार बघ!"

"अहो मिस्त्री, तुमचा अवतार बघून मी कधी नाही म्हटलं का?"

मिस्त्री हसला खरा, पण त्याची नजर तिच्या कमरेवरच्या हातावर होती. लग्न झाल्यापासून आडरानातल्या शर्यतींत ती गाडी हाणायची आणि तो शेजारी बसून पुढची वळणं ओरडून सांगायचा. आता तिच्या मणक्यांनी दगा दिला होता. जोराचा दणका बसला तर पाय जातील, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तरी तिचं एकच पालुपद, शेवटची एक शर्यत, मग तुम्ही म्हणाल ते. तिच्यापुढे मिस्त्रीची मात्रा कधी चालली नव्हती.

त्याने गाडी कामाला घेतली. मागची सीट काढून वजन कमी केलं, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, इंजिनाखाली जाड पत्रा ठोकला, दातेरी टायर चढवले. राहिल्या स्प्रिंगा. कडक स्प्रिंगा खोक्यात तयार होत्या. त्या हातात घेतल्या की त्याला तिची पाठच दिसे. शेवटी त्याने खोकं फळीवर सारलं आणि मऊ स्प्रिंगा बसवल्या. हळू चालवली तर मऊ गाडी दणके गिळते, वेगात मात्र बूड आपटते, हे गिऱ्हाइकांना घसा कोरडा करून सांगणारा हाच माणूस. पण काळजीने त्याची मती गुंग झाली होती.

"कडक बसवल्यात ना?"

"हो," तो म्हणाला. तिच्याशी तो असा खोटं बोलला ते पहिल्यांदाच.

एरवी ती बॉनेट दाबून गाडी किती खाली जाते ते बघायची. सरावाच्या माळावर त्या सकाळी ती सरळ आत बसली, तो शेजारी. मिस्त्रीने सांगितल्यावर बघायचं काय?

पहिल्याच उंचवट्यावरून गाडी उडाली आणि खाली येताना स्प्रिंगा पार दबून धाडकन आपटली. पुढे जाऊन ती आपोआप थांबली. बायकोचे हात स्टिअरिंगवरच होते.

"मिस्त्री, माझा पाय उचला हो. मला उचलत नाहीये."

दवाखान्यातून आणल्यावर त्याने तिला पलंगावर टेकून बसवलं, पांघरूण सारखं केलं आणि पायांशी बसून सगळं कबूल केलं. तिला दणका बसू नये म्हणून केलं, हेही रडत रडत सांगितलं. शिव्या बसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलात," ती म्हणाली, "आणि तुम्हाला वाटलं, मी हळू चालवीन?"