कंदिलातलं पाणी

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई म्हणायची आणि मला ते कौतुक वाटायचं. नव्वदीच्या दशकात घाटघरच्या शाळेवर नेमणूक झाली, तेव्हा ती जीभ घेऊनच मी वर गेले. राहायला एका मावशींच्या घराची पडवी मिळाली. मावशी एकट्या, मोजकं बोलणाऱ्या. वीज होती, पण गेली की आठ-आठ दिवस तोंड दाखवायची नाही. माझं रेशनकार्ड खाली बोरीला, माझ्या माहेरी. त्यामुळे माझ्या कंदिलात पडायचं ते मावशींच्या डब्यातलं रॉकेल.

त्यांच्याकडे आणखी एक डबा असे, भजनाच्या गॅसबत्तीचा. गावानं ते रॉकेल विश्वासानं त्यांच्या हवाली केलेलं. दर एकादशीला बत्ती भरून द्यायचा मान त्यांचा. त्या दिवशी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसायच्या.

थंडी पडली आणि माझा कंदील बिघडला. पेटवला की तडतड, मग ज्योत भकभक करणार, काच काळी होणार, आणि वह्या तपासायला घेतल्या की फस्सकन विझणार. काय काय नाही केलं मी! वात सरळ कातरली. नवी घातली. बर्नरची भोकं टाचणीनं मोकळी केली. वाऱ्यातून उचलून कोपऱ्यात ठेवला. पुन्हा आपले पहिले पाढे पंचावन्न.

"गारठा लई हाय बाई, जरा दम धरा," मावशी म्हणाल्या. दम! तो माझ्याकडे कधी होता?

एका रविवारी वैतागून मी कंदिलातलं रॉकेल काचेच्या बाटलीत ओतलं. थोड्या वेळानं बघते तर वर निळं रॉकेल आणि तळाशी बोटभर पाणी. माझं डोकंच फिरलं. बाटली घेतली आणि तडक विहिरीवर बायकांत गेले.

"बघा गं, बघा! हे तुमच्या मावशींचं रॉकेल. पाणी घालतात त्यात, आणि मला म्हणे दम धरा!"

मावशी तिथंच हंडा भरत होत्या. त्यांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हंडा डोक्यावर घेऊन चालू लागल्या. "चोराच्या मनात चांदणं," मी म्हटलं. त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

पुढच्या एकादशीआधी भजनातले दोघे आले आणि बत्तीचा डबा दुसऱ्या घरी घेऊन गेले. मावशींनी तो पदरानं पुसून दिला. मी पडवीतून बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

संक्रांतीला बोरीहून मी कॅनभर घरचं रॉकेल आणलं. चार दिवस कंदील झकास चालला. पाचव्या दिवशी पुन्हा तडतड. मी कॅनमधलं रॉकेल बाटलीत ओतून पाहिलं, पाण्याचा थेंब नाही. मग कंदिलातलं ओतलं. तळाशी पाणी.

मग माझी ट्यूब पेटली. बोरीला आमच्याकडे कंदील सुटा करून रोज सकाळी राखेनं घासायची आणि चांगला खळखळून धुवायची रीत. तिथं सगळे भाग ओट्यावर उन्हात दुपारपर्यंत कडकडीत वाळायचे. इथं माझ्या पडवीला ऊन नाही, थंडीत तर काही वाळायचंच नाही, वर शाळेची घाई. मी ओलाच बर्नर फिरवून बसवायची आणि पाणी वातीवाटे खाली उतरायचं. रॉकेलमध्ये पाणी मीच घालत होते, रोज, स्वच्छतेच्या नावाखाली.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच पावली विहिरीवर जाऊन सांगायला हवं होतं. मी काय केलं? कंदील चुलीपाशी वाळवायला लागले आणि गप्प बसले. विहिरीवरच्या बायकांतली एक म्हणाली, "आता बरा जळतोय की बाई, घरचं रॉकेल ना!"

"हो," मी म्हटलं. विहिरीवर बोलले ते रागात. हे 'हो' मी शांत डोक्यानं म्हटलं. त्याची लाज अजून जात नाही.

दोन वर्षांनी आंबेगाव तालुक्यात बदली झाली. निघताना मावशींनी कंदील फडक्यात बांधून दिला. म्हणाल्या, "धुतला की चुलीपाशी वाळवायचा, मगच बसवायचा. आता करताच तुमी तसं."

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोज सकाळी बघत व्हते की. म्हटलं, सवडीनं सांगू. तर तुमी बाटली घेऊन विहिरीवरच आलात."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"आमच्या पोरांच्या बाई तुमी. चारचौघींत तुमचं तोंड कसं पाडायचं?"

एसटीपाशी विहिरीवरच्या त्याच बायका मला निरोप द्यायला आल्या होत्या. सगळ्या होत्या. एकच वाक्य बोलायचं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली.

"येते हं," म्हटलं आणि चढले. बायकांच्या मागं मावशी उभ्या होत्या आणि मला हात करत होत्या.