तात्यांचं धडपं

हैदराबादची बस इंदापूरच्या हायवेवर थांबली, तेव्हा माझ्या वडिलांनी, तात्यांनी, जुन्या धोतराचं धडपं माझ्या पिशवीत कोंबलं. "हे तिकडं ने. हितं आता ह्याचं काम न्हाय." मागं वळून न बघता ते निघून गेले.

तुम्हा गावातल्या सगळ्यांना ते धडपं ओळखीचं आहे. आपलं गाव कालव्याच्या शेपटाला. वरची गावं भिजायची, आपल्याकडं नुसता ओलावा यायचा. त्या पाण्यासाठी बंड झालं, बंडातून आपला पक्ष झाला. प्रत्येक मोर्चाच्या सकाळी तात्या दारोदार भाकरी मागायचे. मराठा, धनगर, माळी, मुसलमान, बौद्ध वस्ती, सगळ्यांच्या भाकरी त्या धडप्यात पडायच्या आणि तात्या त्या सगळ्या हातानं मिसळायचे. कुणाची कुणी खाल्ली, कळू नये म्हणून.

"तात्या, माझी जाड हाय, वळखू येईल," सखूआत्या म्हणायची.

"मग ती मीच खातो. दात हायेत अजून!"

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी वाचायला शिकले तेच त्यांच्यावर: 'जात घरी ठेवा, भाकरी घेऊन या.'

पक्ष सत्तेत आला. पाणीही आलं, ते मी नाकारणार नाही. पण गेल्या निवडणुकीआधी शाळेच्या मैदानात जेवणाचे मांडव पडले, समाजागणिक वेगळे. तात्या सवयीनं धडपं खांद्यावर टाकून गेले. त्यांनीच घोषणा शिकवलेला एक कार्यकर्ता पुढं आला.

"तात्या, आपल्या समाजाचा मांडव पलीकडं हाय."

"मी भाकरी गोळा करणारा. माझा मांडव कुठला?"

"आता केटरर हाय की, तात्या!"

तुम्ही हसलात. तात्या उपाशी घरी आले.

मी रागानं पत्रक लिहिलं. तात्यांनी ते वाचून परत दिलं. "पक्ष आपला हाय, पोरी. आपल्याच घराला काडी लावतीस व्हय?" त्यानंतर आमचं बोलणं तुटलं आणि मी हैदराबादला नोकरी धरली.

इथं फ्लॅटमध्ये आम्ही चौघी. फ्रिजमधल्या डब्यांवर नावांचे स्टिकर आहेत. कुणाला त्याचं काही वाटत नाही. चौघींनी मिळून काही मागायचं ठरवलेलंच नव्हतं. आपण ठरवलं होतं. म्हणून ते मांडव मला अजून टोचतात.

परवा तात्यांचा फोन आला, एवढ्या महिन्यांनी.

"येताना धडपं आण."

"कशाला?"

"भाकरी मागायच्या हायेत. शेपटाचं पाणी परत तुटलंय."

"आपल्याच पक्षाविरुद्ध?"

"पाण्यासाठी."

"किती घरं हो म्हणाली?"

"अजून इचारलं न्हाय. रिकाम्या हातानं कसं इचारू?"

धडपं धुऊन बाल्कनीत वाळत घातलंय. शनिवारी निघते. गावात माझं घर अजून आहे की नाही, ते मला आमच्या उंबऱ्यावर कळणार नाही. तात्या तुमच्या दारात उभे राहतील, तेव्हा कळेल.