कोशकाकांचा अडलेला शब्द

कोशकाकांचं एक खूळ होतं: डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्दाचा अर्थ लिहायचा नाही. इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत त्यांची उभी हयात गेली, पण खूळ काही गेलं नाही. 'कुरतडणे' लिहायचं म्हणून त्यांनी कागदाच्या गोदामात उंदरांवर पाळत ठेवली होती, बोला आता!

आणि घोडं अडलं ते 'डिव्हावर'पाशी. शब्दाचं मूळ सापडलं होतं: लॅटिन, 'खाली' अधिक 'गिळणे'. 'अधाशासारखे खाणे' असा अर्थही कच्चा लिहून झाला होता. पण तसं खाताना पाहिलं कुणाला? काका स्वतः एकेक घास असा चावत, की ताट बिचारं वाट पाहून गार व्हायचं. शेवटी संपादकबाई कडाडल्या, "सोमवारी अर्थ द्या, नाहीतर तो शब्द मी दुसऱ्या कुणाला देते!" आपला शब्द दुसऱ्याला? छे, भलतंच!

मग रविवारी दुपारी त्यांनी कचेरीतल्या बाइंडरला जेवायला बोलावलं. खादाड म्हणून त्याची ख्याती. काकू सकाळपासून ओट्याशी उभ्या. पण पाहुणा म्हणून आलेला तो गडी मेला इतका लाजला! बटाट्याच्या चार फोडी, चमचाभर रस्सा, की लगेच "पुरे हो काकू." समोर काका पेन्सिल सरसावून बसलेले, वर आग्रहावर आग्रह. सुखानं जेवेल तरी कोण?

दुपार कलल्यावर एकदाचा तो गेला. काका हिरमुसून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर काकू उभ्यानंच पातेल्यातून जेवत होत्या. मान वर नाही, चावणं नावापुरतं, रस्सा पार कोपरापर्यंत ओघळलेला. अरेच्चा, हाच की तो शब्द! काकांनी पेन्सिल काढली.

"इतकी भूक लागली होती?" त्यांनी हरखून विचारलं.

"रोजच लागते," काकू घास न थांबवता म्हणाल्या. "तुमचं रवंथ उरकेपर्यंत माझ्या पोटात कावळे कोकलत असतात."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला जेवताना काकांनी कधी पाहिलंच नव्हतं. आधी ते जेवत, मग डुलकी काढत. पेन्सिल हातातच राहिली. त्यांना स्वतःची भारी लाज वाटली.

सोमवारी संपादकबाईंनी कागद वाचला. "हे 'अधाशासारखे' का खोडलंत?"

"अधाशी नाही हो, उपाशी," काका चपला घालत म्हणाले. "आणि आज मी जरा लवकर निघतो. घरी ताटं वाढायचीत मला, दोन्ही एकदम."