समोरचे बेडा अप्पा

आलेल्या गिऱ्हाइकाला हात जोडून परत पाठवणारा दुकानदार अख्ख्या नळदुर्गात एकच होता आणि त्याचं मेडिकल नेमकं माझ्या मेडिकलच्या समोर होतं. अप्पा घरात कानडी बोलायचे, त्यामुळं त्यांच्या तोंडून 'नको' ऐवजी कानडी 'बेडा' बाहेर पडायचं. "बेडा, बेडा. डॉक्टरच्या चिठ्ठीबिगर ही ट्यूब न्हाय मिळायची." गावानं त्यांना बेडा अप्पाच करून टाकलं. माझ्याकडं मागेल ते मिळायचं. मला कुणी नाव ठेवलं नाही, चांगलंही नाही अन् वाईटही नाही.

खरं सांगतो, मी त्या माणसावर जळायचो. हायवेचे ट्रकवाले जांघेतली खाज घेऊन आधी त्यांच्याकडं जायचे. अप्पा खोदून खोदून विचारायचे, चट्टा गोल आहे का, कडेनं पसरतोय का, आणि मग म्हणायचे, "हे गजकर्ण दिसतंय, ड्रायव्हरसाहेब. त्याला स्टिरॉइड लावलं की खाज थांबल्यावानी वाटतंय अन् गजकर्ण लई पसरतंय. डॉक्टरला दाखवा." ड्रायव्हर वैतागून रस्ता ओलांडायचा आणि मी हसत ट्यूब काढून द्यायचो. पण महिन्याभरानं तोच ड्रायव्हर पसरलेलं गजकर्ण घेऊन परत आला की गाडी अप्पांच्या दारात लावायचा. माझ्याकडं बघायचासुद्धा नाही.

बरं, स्टिरॉइडशी त्यांचं वैर होतं म्हणावं, तर तसंही नाही. एकदा एक बाई लेकराला घेऊन आली. त्याच्या कोपरांत इसब उठलेलं, पोरगं खाजवून रक्त काढत होतं. डॉक्टरांनी मलम लिहून दिलेलं, पण 'त्यानं कातडी जळते' असं शेजारणीनं सांगितलं म्हणून हिनं ते उघडलंच नव्हतं. अप्पांनी तिला बोट पुढं करायला लावलं आणि टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ ओढली. "एवढं मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागंला पुरतं. पातळ लावा. डॉक्टरनं सांगितलंय तितके दिवस लावा, भिऊ नका. मग थांबवा. व्हॅसलीन मात्र रोज." हे सगळं मी समोरून बघत होतो. माझ्या दुकानात कुणी एवढा वेळ थांबत नसे.

घरी मी त्यांची नक्कल करायचो. माझी बायको शोभा मात्र हसायची नाही. लग्नानंतर तिच्या गालावर खाजरे चट्टे उठले, तेव्हा मी दुकानातलीच एक स्टिरॉइडची ट्यूब नेऊन दिली होती. आठवड्यात गाल साफ, वर चेहरा उजळला. लोक म्हणाले, मेडिकलवाल्याची बायको काय उजळलीय! मला गुदगुल्या झाल्या. ट्यूब बंद केली की गाल लाल व्हायचे, आग व्हायची, लावली की शांत. "लाव की, दुकान आपलंच हाय," मी म्हणायचो. अशी दोन वर्षं गेली.

एका दुपारी एक बाई तोंडावर पदर घेऊन अप्पांची पायरी चढली. चपला ओळखीच्या वाटल्या. तुळजापूरहून मीच आणलेल्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तसाच रस्ता ओलांडून गेलो. "माझ्या दुकानात काय कमी हाय गं?"

"कमी काय न्हाय," शोभा म्हणाली. "हितं इचारत्यात तरी."

अप्पांनी चष्मा पुसला. "राजाभाऊ, भांडण नंतर करू. गालाची कातडी पातळ झालीया, शिरा दिसायल्यात. ट्यूब मनानंच एकदम बंद करू नका, लई आग उठंल. उद्याच सोलापूरला कातडीच्या डॉक्टरकडं न्या. ते सांगतील तशी सोडवा." ट्यूब कुणी दिली, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं.

चेहरा सुधारायला वर्ष लागलं. सोलापूरच्या खेपा मी केल्या, पण बरं वाटतंय हे ती आधी अप्पांना सांगून यायची. मीही चिठ्ठीशिवाय ट्यूब देणं बंद केलं, तर लोक म्हणाले, अप्पांची नक्कल करतोय.

पुढं अप्पांनी दुकान बंद केलं आणि ते हैदराबादला मुलाकडं गेले. निरोपाला अर्धा बाजार जमला होता. मी त्यांना शाल घातली, पण मनात म्हटलं, सुटलो. आता सगळे माझ्याकडंच येणार. आले की! येऊन विचारायला लागले, "अप्पांचा नंबर हाय का?"

गेल्या महिन्यात माझ्याच घोट्याला खाज सुटली. कपाटभर ट्यूब समोर असताना मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन त्यांना फोन लावला. त्यांनी घोट्याचं सगळं विचारून घेतलं आणि मग म्हणाले, "अन् वैनींचा चेहरा कसा हाय आता? डाव्या गालावर, नाकाजवळ, एक लाल शीर ऱ्हायली हुती. ती गेली का?"

मला सांगता येईना. रोज तिच्या हातचं जेवतो, आणि मला सांगता येईना.

"जरा थांबा, अप्पा," मी म्हणालो आणि फोन तसाच हातात धरून बायकोचा चेहरा बघायला घरात गेलो.