सोनगीर ते धुळे, मार्गे सत्कार

मी पहिली होते, आणि समोर रस्त्याच्या मधोमध बायका आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या.

सकाळची वेळ, आग्रा हायवे. सोनगीरहून निघून धुळ्याकडे पळत होते. मागे बाकीच्या मुली, त्यांच्या मागे रेफरींची जीप. श्वासाची लय छान लागली होती. आणि ताटातलं निरांजन माझ्याकडे बघत होतं. वळसा घालून निघावं तर एका बाजूनं ट्रक जातोय आणि दुसऱ्या बाजूला बायकांनी अख्खी साईडपट्टी अडवलेली. मी थांबले.

शर्यतीत माणूस दमून थांबतो, पडून थांबतो. ओवाळून घ्यायला थांबलेली माझ्या माहितीत मी एकटीच.

हे कसं घडलं ते सांगते. मी धुळ्याजवळच्या एका सहकारी सूतगिरणीत क्लार्क होते. स्पोर्ट्स कोट्यात घेतलेली, म्हणजे दुपारपर्यंत हजेरीची रजिस्टरं आणि तीन वाजले की मैदानावर पळायची परवानगी. याला मी माझं करिअर म्हणायचे. बाकी लोक काय म्हणायचे ते सोडा. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे बाईनं पळायची कारणं दोनच: मागे कुत्रा, नाहीतर पुढे सुटलेली एस.टी.

नोकरी टेम्पररी होती. टेम्पररी म्हणजे काही महिने काम, मग चार दिवस ब्रेक, मग जणू कालच जन्माला आल्यासारखी नवी नेमणूक. वडिलांनी तीन वर्षं धीर धरला. मग म्हणाले, "यंदा पक्की झाली तर पळ. नही झाली ते लगीन. सासरचे काय तुले चड्डी घालीसन पयू देतीन?" वडिलांचं म्हणणं कठोर होतं, पण खोटं नव्हतं. पक्क्या नोकरीची ऑर्डर मिळाली तरच माझं पळणं वाचणार होतं.

आमचे चेअरमन म्हणजे आबा. माणूस मनानं उदार. उदार माणसांपासून खेळाडूंनी जपून राहावं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एकदा त्यांनी पेपरात एका अमेरिकन धावपटू बाईवर आलेला लेख वाचला आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"मंगला, अमेरिकेत एक बाई आहे. ती काहीच करत नाही. नुसती पळते."

"हो आबा."

"बुटांची कंपनी तिला पैसे देते. कोच वेगळा, मालिश करणारा वेगळा, काय खायचं ते सांगणारा आणखी वेगळा."

"हो आबा."

"तशी आपल्याकडे तू आहेस."

कोच, मालिशवाला आणि बूट या एका वाक्यात मला मिळाले असं त्यांनी धरलं. माझे कॅनव्हासचे बूट टेबलाखाली होते, त्यामुळे त्यांच्या नजरेस पडले नाहीत.

मग आबांनी गिरणीतर्फे महिलांची रोड रेस जाहीर केली, सोनगीर ते धुळे. बाहेरून मुली बोलावल्या. मला म्हणाले, "पहिली ये. परमनंटची ऑर्डर स्टेजवरच हातात देतो." मी त्या दिवशी घरी गेले ती जवळजवळ उडतच.

पण त्या लेखात आणखी एक गोष्ट होती. अमेरिकेत म्हणे लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात, टाळ्या वाजवतात, पळणाऱ्यांना पाण्याचे पेले देतात. आबांना हे फार कमी वाटलं.

"नुसतं पाणी? आणि लांबून टाळ्या? हा काय पाहुणचार झाला? आपल्या सभासदांच्या गावांवरून तू जाणार आणि गाव नुसतं बघत बसणार? मी सांगून ठेवलंय, गावोगावी सत्कार."

मी हात जोडले. म्हटलं, "आबा, रस्त्यात थांबवू नका. नंतर करा."

"दोन मिनिटं तर लागतील."

"दोन मिनिटांत दुसरी मुलगी अर्धा किलोमीटर जाते."

"मग तू पळून पकड तिला. तेच तर तुझं काम ना?"

चेअरमनला उत्तर देता येत असतं तर टेम्पररी लोक परमनंट झाले नसते का?

थांबल्यानं काय बिघडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. लांब पल्ल्याच्या पळण्यात वेगापेक्षा लय महत्त्वाची. इतकी पावलं श्वास आत, इतकी बाहेर, असं एकदा जुळलं की पाय स्वतःहून चालतात. याला आम्ही रिदम म्हणतो. मध्येच थांबलात की तो तुटतो, पोटऱ्या लाकडासारख्या होतात आणि पुन्हा सुरू केलं की बरगडीखाली चमक भरते. गरम तव्यावर पाणी ओतून पुन्हा भाकरी टाकण्यासारखं आहे.

तर तवा थंड झाला. मला ओवाळलं. कुंकू लावलं, ते घामानं ओघळून नाकापर्यंत आलं. मग एक म्हातारी अक्का खण, नारळ आणि तांदूळ घेऊन पुढे झाल्या. ओटी भरायची होती.

अक्कांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. अंगात बनियन आणि हाफपँट.

"माय, तुन्हा पदर कोठे शे?"

"अक्का, पयाले पदर नही ऱ्हास."

"मंग ओटी कशामा भरू?"

सगळ्या बायका विचारात पडल्या. ओटी नको म्हणणं आमच्यात शक्यच नाही, आणि पदराशिवाय ती घ्यायची कुठे हा प्रश्न त्या हायवेवर याआधी कुणाला पडला नव्हता. शेवटी अक्कांनी खणातच नारळ-तांदूळ बांधले आणि ते गाठोडं माझ्या कमरेला करकचून आवळलं. तेवढ्यात शैला मला मागे टाकून गेली.

शैला मुंबईची. तिथल्या एका मोठ्या खात्यात नोकरीला, आणि परमनंट. पायात खरे रनिंगचे बूट. माझ्या कमरेकडे तिनं एकदा बघितलं. मला तिचा राग आला नाही, तिच्या जागी मीही बघितलं असतं.

मी सुटले. नारळ प्रत्येक पावलाला मांडीवर आपटत होता. ओटीचा नारळ रस्त्यावर टाकायचा नाही, एवढे संस्कार माझ्यावर झाले होते. जीप जवळ आली तशी मी आत बसलेल्या नानांना हाक मारली. नाना शाळेत पीटी शिकवायचे आणि आज रेफरी होते.

"नाना, हा नारळ घ्या ना!"

"रेफरीनं खेळाडूला मदत करायची नाही," नाना म्हणाले. "नियम आहे."

"मग मी टाकू का?"

"नियमात नारळाबद्दल काही नाही," असं म्हणून नानांनी काच वर केली. कपाशीला पाणी देणारे एक बाबा बांधावर उभे होते, शेवटी त्यांच्या हातात ते गाठोडं कोंबलं आणि पळाले. त्यांनी भक्तिभावानं कपाळाला लावलं.

शैला पुढे ठिपक्याएवढी दिसत होती. बरगडीखाली चमक आली होती. मनात ऑर्डर, लग्न, चड्डी, सगळं एकदम येत होतं. रडू आवरलं, कारण रडण्यात श्वास फार जातो.

पुढच्या गावापाशी पोचले आणि बघते तर शैला रस्त्याकडेच्या मांडवात खुर्चीवर बसलेली. गळ्यात हार, मांडीवर लाडवांची बशी, भोवती बायकांचा गराडा. ती उठायला बघायची आणि दोन हात तिला खांद्याला धरून परत बसवायचे.

"अहो सोडा मला! शर्यत आहे!" ती ओरडत होती.

"हाई काय बोलनं झालं? इतकी लांबथीन ऊनी. च्या पिवाशिवाय पाव्हनी जास का?"

आबांनी सांगितलं होतं, पहिली येईल तिचा सत्कार करा. त्यांच्या हिशोबानं पहिली मीच येणार होते. पण गावानं पाहिलं की आलेली पाहुणी आहे, म्हणून मूळच्या सत्कारात चहा आणि लाडू वाढवले. चहा अजून उकळत होता.

मला बघून त्याच बाईनं हात हलवला. "तू ते घरनी पोर शे. तुले काय सत्कार? तू पय!"

रस्ता मोकळा होता. धुळं पुढे, ऑर्डर पुढे. मी मांडव ओलांडला. शैलानं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

तेव्हा माझं डोकं फिरलं. तिच्यावर नाही, आमच्यावर. तीन वर्षं मी थंडीत, उन्हात, गावभर टोमणे खात पळाले, ते काय एका मुलीला लाडू खायला बसवून तिच्या पुढे जाण्यासाठी? मी वळले आणि मांडवात घुसले.

"सोडा तिले! बठ्ठं गाव काय येडं व्हयनं का? ती पयी राहिनी!"

"च्या व्हईच गया, माय. दोन घोट..."

"आणा इकडे. तिना वाटाना मी पिस. घरनी पोर पिनी म्हंजे पाव्हनीले पोचना!"

पाहुणीच्या वाटचा चहा घरच्या मुलीनं प्यायचा असा काही रिवाज नाही. मी तो तिथल्या तिथे काढला. पण इतक्या जोरात सांगितला की कुणाला शंका आली नाही. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, मान डोलावली आणि उकळता चहा माझ्या हातात दिला. मी बशीत ओतून अर्धा कप घशाखाली लोटला. जीभ भाजली. शैलाचा हात धरून तिला उठवलं.

"चल," म्हटलं. "आता बघू."

हार काढून फेकत ती निघाली आणि मी तिच्या बरोबरीनं. तिथून धुळ्यापर्यंत आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून पळालो. ती वेग वाढवायची, मी पकडायची. मी पुढे जायची, ती यायची. ट्रकवाल्यांनी हॉर्न बंद केले होते. पोटात चहा डुचमळत होता आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. शेवटच्या वळणावर तिनं झेप घेतली. माझ्याकडे तेवढी शिल्लक नव्हती. हातभर अंतरानं ती पहिली आली.

फीत तुटली आणि आबांचा चेहरा पडला.

"काय हे मंगला! घरच्या मैदानावर?"

मी खाली बसले. ऑर्डर गेली, हे मला पुरतं कळलं होतं. मी रडले, सगळ्यांसमोर.

एवढ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली भरून मांडवातल्या बायका आल्या. त्यांनी स्टेजपाशी जाऊन आबांना सगळी हकीकत सांगितली, चहासकट. आमच्या पोरीनं पाहुणीला उठवून पुढे जाऊ दिलं, अशी कथा तयार झाली. मी तिला पुढे जाऊ दिलं नव्हतं, ती स्वतःच्या पायांनी गेली होती. पण माझं कुणी ऐकेना. आणि गिरणीची निवडणूक तोंडावर असल्यानं आबांना सभासदांच्या घरच्या बायकांचं सगळं ऐकू येत होतं.

त्यांनी माइक ओढला. "पहिली कुणीही येईल. पण पाहुणीचा मान राखणारी मुलगी आमच्याच गिरणीत आहे!" टाळ्या. मग खिशातून ऑर्डर काढून त्यांनी स्टेजवर, सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. शैलानंही टाळ्या वाजवल्या.

वीस किलोमीटर पळून जी नोकरी पक्की झाली नाही, ती अर्ध्या कप चहानं झाली.

वडील खूश झाले. लग्नाचा विषय मागे पडला. पुढच्या आठवड्यात आबांनी मला बोलावून कामाचं सांगितलं: मला लोकांचं मन जपता येतं, तेव्हा यापुढे गिरणीच्या सगळ्या स्वागत-समारंभांची जबाबदारी माझी. पाहुणे, हार, शाली, नारळ, चहा.

"आणि तीनला मैदानावर जायचं, आबा?"

"अगं, सत्कार सगळे संध्याकाळीच असतात ना."

निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं. आता पळणाऱ्या मुली विचारतात, मॅडम, शर्यतीच्या आधी काय काळजी घ्यायची? मी सांगते, बूट चांगले घ्या, रात्री नीट झोपा, आणि कुणाच्या मनात तुमचा सन्मान करायचा असेल तर त्या माणसाला आदल्या दिवशीच गाठा. मुली हसतात. त्या मांडवापासून धुळ्यापर्यंत मी शैलाबरोबर जशी पळाले, तशी आयुष्यात पुन्हा कधी पळाले नाही. त्या पळण्याबद्दल मात्र कुणी माझा सत्कार केला नाही.