मागच्या महिन्याचं रीडिंग

लातूरला नळाला पाणी येणंच बंद झालं, त्या वर्षी मी एका खासगी कॅन्सर दवाखान्यात मेडिकल फिजिसिस्ट व्हायला शिकत होतो. शिकत होतो म्हणजे कागदावर. नियम असा, की परीक्षेनंतर वर्षभर जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करायचं, त्यानं सही केली की तुम्ही किरणांच्या मशीनला हात लावायला लायक. माझे सर नांदेडहून महिन्यातून एकदा यायचे, चहा प्यायचे अन् माझ्या वहीत तीस दिवसांच्या सह्या ठोकून जायचे. दवाखान्याचे मालक खूश. उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती. "जिल्हा झाला की तिथं दुसरी मशीन टाकू, तूच सांभाळ," म्हणायचे. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, तसला कारभार!

मशीन सांगते तेवढेच किरण देते का, हे दर महिन्याला पाण्यानं भरलेल्या टाकीत मोजावं लागतं. दोन घागरी पाणी, बस्स. टँकरवाल्याच्या हातापाया पडून मी ते मिळवलं, टाकी भरून ठेवली. सकाळी बघतो तर ठणठणीत कोरडी. वॉर्डातल्या मावशीनं पाणी पेशंटच्या नातेवाइकांना वाटून टाकलं होतं. मी ओरडलो, तर तीच माझ्यावर चढली. "माणसं तहानेनं मरून राहिली अन् तुमच्या मशीनला आंघोळ पाहिजे व्हय?"

सरांना फोन लावला. "मागच्या महिन्याचंच रीडिंग टाक रे. मशीन काय पळून चालली का?" टाकलं. पुढच्या महिन्यातही तेच टाकलं. दोन्हींखाली सही माझी.

त्याच दोन महिन्यांत उदगीरकडची एक बाई रोज किरण घ्यायला यायची. गळ्याचा कॅन्सर, आवाज पार बसलेला, पण जीभ लई तिखट. "सायेब, किरण बराबर बसून राहिले ना? आवाज आला की पहिले सुनेला शिव्या देते बघा." सून बाजूला उभी राहून हसायची. मी म्हणायचो, "हाव अक्का, बराबर हाय." कोर्स संपला तेव्हा आवाज खरंच थोडा सुटला होता.

ती गेल्यावर पाऊस झाला, टाकी भरली, मी मोजलं. मशीन कमी देत होती. पुन्हा मोजलं, तेच. लगेच सरांना फोन लावला. सर म्हणाले, "आजपासून दुरुस्त कर. मागचं उकरू नको. बाई बरी होऊन गेली ना?" माझं सर्टिफिकेट त्यांच्या टेबलावर सहीला पडलं होतं. मी नाही उकरलं. सरांचा राग येतो, पण लाज माझी मलाच वाटते.

सर्टिफिकेट आलं, शेरा 'उत्तम'. हिवाळ्यात अक्काही परत आल्या. आता आवाज अजिबात नव्हता. मला बघून त्यांनी हात जोडले अन् सुनेला खूण केली. सून म्हणाली, "सासूबाई विचारून राहिल्यात, या टायमालाही तुम्हीच करणार ना?"

दुखणं उलटलं ते किरण कमी पडले म्हणूनच, असं मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. म्हणून तर मी सुटलो.