उजेडाला धरलेली नोट

आमच्या वन्संच्या हातातून खोटी नोट पुढं सरकली, असं उभ्या कोल्हापुरात कुणी शपथ घेऊन सांगितलं तरी मी मानायची नाही. वन्सं म्हणजे माझ्या मालकांच्या थोरल्या बहीण. रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन त्या दूध कट्ट्यावर उभ्या राहतात. आमच्याकडं कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोरच पिळतात, त्यामुळं दुधात पाणी घातलं म्हणायची कुणाची टाप नसते. आणि वन्संचा न्याय असा, की दूध तुमच्या डोळ्यांदेखत काढलं, तर नोटही माझ्या डोळ्यांखालून जाणार. मग ती आधी बोटांत चुरगाळायची, कानाशी फडफडवायची, कडेवरनं अंगठा फिरवायचा, आणि शेवटी दिव्याच्या खांबाकडं तोंड करून वर धरायची. तोवर गिऱ्हाईक ग्लास हातात घेऊन उभंच. एकदा एक जण वैतागला, "मावशी, फेस बसला की दुधाचा!" वन्सं वर बघतच म्हणाल्या, "बसू दे. फेसाचं पैसं घेत न्हाय मी." हल्ली पोरं फोन दाखवून पैसे भरतात, त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. हातात काही आलंच नाही तर तपासायचं काय?

बरं, हे फक्त गिऱ्हाइकापुरतं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. भाऊबीजेला ओवाळून झालं, मालकांनी ताटात नोट टाकली, की वन्सं निरांजन खाली ठेवायच्या आधी ती नोट बल्बाकडं धरणार. मालक दरवर्षी चिडतात. "आक्का, सख्ख्या भावाची पण?" त्यावर वन्संचं उत्तर तयार. "भाऊ सख्खा हाय रं, पर नोट कुणाकडनं आली कुणाला ठावं?" आणि घेताना बघतात तशा देतानाही बघतात, हे मला जास्त आवडतं. अंबाबाईच्या देवळात दानपेटीशी थांबून त्यांनी नोट उजेडाला धरली, तेव्हा मागं रांग तुंबली. रखवालदार ओरडला, "चला की मावशी पुढं!" वन्सं हलल्या नाहीत. "थांब की बाबा. देवीला खोटी गेली तर ती कुणाकडं जाणार बदलून मागायला?"

आता त्या कधी चुकल्याच नाहीत असं नाही. एकदा एका मास्तरांची नोट त्यांनी चारचौघांत परत केली. ती खरीच होती, सदऱ्याच्या खिशात धुतली गेल्यामुळं मऊ पडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं दुधाची बरणी घेऊन मास्तरांच्या दारात. "माझं चुकलं," म्हणाल्या, बरणी ठेवली आणि वळल्या.

गेल्या वर्षी माझ्या धाकटीला बघायला हातकणंगल्याचे पावणे आले. आधीची स्थळं तिनंच मोडली होती. ह्या पोराशी मात्र ती फोनवर बोलायची, आणि बोलून झालं की उगाचच शेगडी पुसत बसायची. आईला त्यातलं कळतं. त्यामुळं हे जमावं म्हणून माझा जीव टांगणीला. पोहे झाले, कुंकू लावून झालं, आणि रिवाजाप्रमाणं मुलाच्या वडलांनी पोरीच्या हातात पाचशेची कोरी नोट ठेवली. ती पाया पडली, आणि खाली मान घालून नोटेच्या कडेवरनं अंगठा फिरवत उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, लाजतेय. वन्संनी मात्र बशी खाली ठेवली.

"बघू गं," म्हणत त्या नोट घेऊन खिडकीशी गेल्या. आज नको हो, म्हणून मी डोळ्यांनी विनवतेय. पण त्यांनी नोट वर धरली, वाकडी केली, आणि वळून म्हणाल्या, "पावणं, ही खोटी हाय."

मालकांना ठसका लागला. मुलाचे वडील लालबुंद झाले. "म्हंजे आमी खोटं व्हय?"

"तुमचं न्हाय, कागदाचं म्हणतीया. तुम्हास्नी खोटं समजलं असतं तर घरच्या म्हशीच्या दुधाचा च्या दिला असता का?"

ते उठलेच, चपला शोधायला लागले. मला तर मास्तरांची नोट आठवली. पण मुलाची आई शहाणी. "बसा हो," ती म्हणाली, "काय म्हणत्यात ते बघा तरी." वन्संनी कमरेच्या पिशवीतनं आपली पाचशेची काढून शेजारी ठेवली. "ह्या कडंच्या रेघा हाताला लागत्यात का बघा. तुमच्या न्हाय लागायच्या. आणि ही तार. वाकडी केली की हिरव्याची निळी दिसती. तुमची हिरवी ती हिरवीच." पावण्यांनी डोळे मिटून दोन्ही नोटांवर अंगठा फिरवला, आणि हळूच खाली बसले. त्यांचं खताचं दुकान. "गल्ल्यात आली असणार," पुटपुटले.

"बँकंत जमा करा," वन्सं म्हणाल्या. "पाचशे गेलं समजा, पर कुणाच्या गळ्यात घालू नगा. आणि माझ्या आधी कुणी वळखली, ते पण इचारा."

पावण्यांनी पोरीकडं बघितलं. "तुला कळलं हुतं?"

"व्हय. हातात ठेवल्या ठेवल्या."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमचा च्या व्हायचा हुता."

पहिल्यांदा मुलगा हसला, मोठ्यानं. मग त्याचे वडीलही. "ही पोरगी आमच्या गल्ल्यावर पायजे!" वन्सं ताडकन म्हणाल्या, "गल्ल्यासाठी न्हेत असाल तर न्हाय द्यायची. दवाखान्यात नोकरी हाय तिला."

"रविवारी बसंन की, आत्ती," धाकटी म्हणाली, आणि जमल्याचं मला तिथंच कळलं. पावण्यांनी दुसरी नोट काढली, ती पोरीच्या आधी वन्संच्या हातात दिली. अशी नणंद आणि अशी लेक माझ्या घरात आहे म्हणून माझी मान ताठ झाली होती.

लग्न लागलं. पाठवणीच्या वेळी वन्संनी पोरीच्या मुठीत एक नोट दिली. तिनं मूठ उघडली आणि शालू सावरत, भर मांडवात, ती नोट उजेडाला धरली. बायका हसायला लागल्या. "अगं, आत्तीची पण?"

"बघू दे तिला," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काय तेज होतं सांगू!

धाकटी मान वर करून बघत राहिली. गाडीचा हॉर्न वाजला, तरी बघतच राहिली. नोट तपासायला एवढा वेळ लागत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण मान खाली केली असती, तर डोळ्यांतलं गालावर आलं असतं. शेजारी वन्सं उभ्या होत्या. त्यांच्या हातात तर नोटही नव्हती, पण त्याही वरच बघत होत्या.